लढवय्याचा बचाव किती असावा? होमब्रू, म्हणजे घरचा क्लास (पात्राचा प्रकार) बेतणाऱ्या नव्या डीएमसाठी

आमच्या रविवारच्या टेबलावर मावसभावाने एकदा हट्ट धरला, "मला बाजीप्रभूंसारखा खेळायचाय. खिंड अडवून उभा राहणारा." डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतला साधा फायटर त्याला पुरेसा वाटत नव्हता. डीएम, म्हणजे खेळ चालवणारी डंजन मास्टर, म्हणून मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. मी हौसेने नवा क्लास बेतला आणि त्याला नाव दिलं ढालकरी. प्लेट चिलखताचे १८, ढालीचे २, डिफेन्स फायटिंग स्टाइलचा १ आणि मी दिलेल्या 'भिंत' नावाच्या क्षमतेचे २. पाचव्या लेव्हलला आर्मर क्लास, म्हणजे एसी, झाला २३. वीस बाजूंचा फासा (डी२०) अधिक अटॅक बोनस मिळून शत्रूने एसी गाठला, तरच फटका लागतो. क्लेरिकने त्याच्यावर शील्ड ऑफ फेथ हा +२ चा मंत्र टाकला की २५.

पहिल्या लढाईत दोन ओगर (धिप्पाड राक्षस) चार फेऱ्या त्याच्यावर गदा आपटत राहिले आणि एकही फटका लागला नाही. पुढच्या रविवारी मी नव्या डीएमची नेहमीची चूक केली. ओगरचा अटॅक बोनस +६ वरून +११ केला. एक ओगर ढालकऱ्याशी भिडला, दुसरा त्याच्या बाजूने सरळ चालत विझार्डपर्यंत गेला. तिचा एसी १५, हिट पॉइंट २७. दुसऱ्या फेरीत ती खाली पडली. विझार्ड खेळणारी मैत्रीण शीट टेबलावर ठेवून शांतपणे म्हणाली, "भिंत उभी आहे ना? मग मी कशी पडले?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे शिकले ते इथे पायरीपायरीने मांडते आहे. आकडे २०१४ च्या नियमांचे आहेत. २०२४ च्या सुधारित पुस्तकात काही क्षमता बदलल्या, पण खालचं गणित तिथेही लागू पडतं.

हाताशी काय हवं

- एसआरडी ५.१, म्हणजे नियमांचा अधिकृत संदर्भ-दस्तऐवज. तो मोफत मिळतो आणि जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. फायटर, राक्षस, मंत्र, चिलखतांचे भाव, सगळं त्यात आहे.
- तीन शत्रूंची पत्रकं: गॉब्लिन, ओगर आणि कल्ट फॅनॅटिक. तिन्ही एसआरडीत सापडतील.
- चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. एक्सेल येत असेल तर फारच छान, पण वहीवरही भागतं.
- दोन डी२० आणि बाकीच्या फाशांचा एक संच.
- तासभर बसून खोट्या लढाया खेळेल असा एक मित्र. शक्यतो हा क्लास ज्याला खेळायचाय तो नको, दुसरा कोणीतरी.

१. बचाव म्हणजे नक्की काय, ते आधी वेगळं करा

आपण 'याचा बचाव चांगला आहे' असं म्हणतो तेव्हा पाच वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबत असतो. फटका चुकवणं, हे काम एसीचं. लागलेला फटका सोसणं, हे हिट पॉइंटचं. फटक्याची धार कमी करणं, म्हणजे डॅमेज रिडक्शन किंवा रेझिस्टन्स. लढाईच्या मधेच सावरणं, जसं फायटरचं सेकंड विंड. आणि मंत्र, विष, भीती यांना तोंड देणं, म्हणजे सेव्हिंग थ्रो.

सहावी गोष्ट या सगळ्यांहून निराळी आहे: दुसऱ्याला वाचवणं. वरच्या पाचांपैकी एकीनेही ती आपोआप साधत नाही. माझा ढालकरी पहिल्या कामात अव्वल होता आणि सहाव्यात शून्य, म्हणून विझार्ड पडली.

वहीत सहा रकाने करा. तुमच्या क्लासची प्रत्येक क्षमता त्यातल्या एका रकान्यात टाका. एकाच रकान्यात तीन क्षमता गोळा झाल्या तर तिथेच थांबा, पुढे जाऊ नका.

२. फायटरला माप माना

नवा क्लास हवेत बेतू नका. आधीपासून असलेल्या फायटरचे आकडे लिहून काढा आणि आपला क्लास त्याच्या शेजारी ठेवा.

पाचव्या लेव्हलचा, कॉन्स्टिट्यूशन १४ (बोनस +२) असलेला फायटर घ्या. पहिल्या लेव्हलला १० अधिक २, पुढच्या चार लेव्हलना प्रत्येकी ६ अधिक २, एकूण ४४ हिट पॉइंट. चेन मेलचे १६, ढालीचे २ आणि डिफेन्स स्टाइलचा १ धरून एसी १९, आणि हा त्याला पहिल्या लेव्हलपासूनच मिळू शकतो. १५०० सुवर्णमुद्रांचं प्लेट चिलखत घेतलं की २१. सेकंड विंडने डी१० अधिक लेव्हल, म्हणजे सरासरी साडेदहा हिट पॉइंट परत, एका शॉर्ट रेस्टमागे (तासाभराच्या विश्रांतीमागे) एकदा. ताकद आणि कॉन्स्टिट्यूशनचे सेव्ह बळकट, विस्डम आणि डेक्स्टेरिटीचे कच्चे.

म्हणजे फायटर मुळातच चांगला कडक आहे. त्याच्याहून तुमच्या लढवय्याचा एखादा रकाना भारी करायचा असेल तर दुसरा कुठला हलका करणार, ते त्याच ओळीत लिहा. बार्बेरियन पाहा. त्याचा हिट डाय डी१२ चा, रेजमध्ये शस्त्रांच्या फटक्यांचं निम्मंच नुकसान, पण जड चिलखत वापरता येत नाही आणि रेज पहिल्या लेव्हलला दिवसातून दोनदाच. मोबदला असा उघड दिसायला हवा.

३. एसीचं गणित, जिथे सगळे फसतात

या पायरीवर घाई करू नका. +१ एसी दिसतो चिमुकला. सगळ्यांना वाटतं, वीस बाजूंच्या फाशावर एक आकडा, म्हणजे पाच टक्के, त्याने काय होतंय? पण हे पाच टक्के कशातून वजा होतात, त्यावर सगळं ठरतं. शत्रूचा फटका ५० टक्के वेळा लागत असेल आणि तो ४५ वर आला, तर नुकसान एक दशांशाने घटतं. तोच १० टक्के वेळा लागत असेल आणि ५ वर आला, तर नुकसान थेट निम्मं होतं. एसी जितका वर जाईल, तितका पुढचा प्रत्येक आकडा जास्त मोलाचा ठरतो.

ओगर घेऊन पाहू. अटॅक +६, नुकसान २डी८ अधिक ४, सरासरी १३. क्रिटिकल, म्हणजे २० पडल्यावरचे दुप्पट फाशांचे फटके, सोडून दिले तर ४४ हिट पॉइंटचा लढवय्या पाडायला त्याला सरासरी इतके हल्ले लागतात:

- एसी १९: ४० टक्के वेळा लागतो, साधारण साडेआठ हल्ले.
- एसी २१: ३० टक्के, साधारण ११.
- एसी २३: २० टक्के, साधारण १७.
- एसी २५: १० टक्के, साधारण ३४.

दर ओळीत वाढ दोनाचीच आहे. पहिल्या वाढीने अडीच-तीन हल्ले जास्त लागले, शेवटच्या वाढीने सतरा. मी 'भिंत'चे २ दिले तेव्हा मनात पहिल्या ओळीचा हिशोब होता आणि मिळाली शेवटची ओळ.

या आवृत्तीत आकडे मुद्दाम लहान ठेवले आहेत, हेही लक्षात घ्या. १९७४ च्या मूळ खेळात एसी उलटा होता, बिनचिलखती माणसाचा ९ आणि प्लेट-ढालवाल्याचा २. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने तो सुलटा केला, पण तिथे वरच्या लेव्हलना अटॅक बोनस आणि एसी दोन्ही भराभर चढत जायचे. पाचव्या आवृत्तीत प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे लेव्हलबरोबर वाढणारा कौशल्याचा आकडा, पहिल्या लेव्हलला +२ आणि विसाव्या लेव्हलला फक्त +६ असतो. त्यामुळे एसी २५ ही इथे फार मोठी गोष्ट आहे. चॅलेंज रेटिंग (शत्रू किती अवघड त्याचं माप) ३० च्या टरास्क या महाराक्षसाचा एसी बरोबर २५ आहे. मी पाचव्या लेव्हलच्या पोराला टरास्कच्या रांगेत नेऊन बसवलं होतं.

सापळा: कायमस्वरूपी एसी देणारी कोणतीही नवी क्षमता. पार्टीत कोण कोणता मंत्र शिकेल, कोणती जादुई ढाल कुणाच्या हाती लागेल, हे तुमच्या ताब्यात नसतं, आणि हे सगळं एकमेकांवर चढत जातं. द्यायचाच असेल तर +१ वर थांबा, आणि तो डिफेन्स स्टाइलबरोबर मोजला जाणार नाही असं स्पष्ट लिहा.

दुसरा सापळा: डिसअ‍ॅडव्हांटेज. यात दोन डी२० टाकून लहान आकडा धरायचा. ४५ टक्के वेळा लागणारा हल्ला डिसअ‍ॅडव्हांटेजने २० टक्क्यांवर येतो, ते ठीक. पण एसी २३ असताना ओगरचे मुळातच उरलेले २० टक्के ४ टक्क्यांवर जातात. म्हणून भरपूर एसी असलेल्याला 'माझ्यावरचे हल्ले डिसअ‍ॅडव्हांटेजने' अशी क्षमता कधीही देऊ नका.

आणि शत्रूचा अटॅक बोनस वाढवून यातून सुटता येत नाही. +११ चा ओगर एसी २५ ला ३५ टक्के वेळा लागतो खरा, पण एसी १५ च्या विझार्डला तो ६० ऐवजी ८५ टक्के वेळा लागू लागतो. तुम्ही एकासाठी वाढवलेला आकडा बाकी सगळ्यांच्या अंगावर पडतो.

४. धार कमी करायची तर कशी

फटक्यातून ठरावीक आकडा वजा करणं आणि फटका निम्मा करणं यांत बराच फरक आहे. समजा तुमचा लढवय्या प्रत्येक फटक्यातून ३ वजा करतो. गॉब्लिनचा फटका सरासरी साडेपाच, तो अडीचवर येतो, अर्ध्याहून जास्त गेला. ओगरचा १३ चा १० होतो, पाव हिस्साही गेला नाही. वजाबाकीवाला लढवय्या घोळक्यात उभा राहतो आणि मोठ्या राक्षसापुढे साधा माणूस असतो. निम्मं करणारा दोघांपुढे सारखाच कडक.

मला स्वतःला वजाबाकी जास्त आवडते, कारण तिच्यातून गोष्ट तयार होते: चिल्लर बाण चिलखतावरून घरंगळतात, पण राक्षसाची गदा जाणवते. फक्त पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला ती देऊ नका, तेव्हा सगळेच शत्रू चिल्लर असतात.

दोन्ही एकत्र असतील तर नियमाप्रमाणे आधी वजाबाकी, मग निम्मं. आणि टेंपररी, म्हणजे तात्पुरते, हिट पॉइंट एकावर एक साठत नाहीत, हे खेळाडूला पहिल्याच दिवशी सांगून टाका. नाहीतर ऐन लढाईत वाद होतो.

५. प्रत्येक क्षमतेला किंमत लावा

फुकट, कायम चालू असलेला बचाव डीएमला तर जड जातोच, पण खेळाडूलाही कंटाळवाणा होतो. त्याला काही ठरवावं लागत नाही. तो आपला पाळीला फासा टाकतो आणि मोबाइल बघत बसतो.

किंमत तीन प्रकारे लावता येते. पहिली, रिअ‍ॅक्शन. ही दुसऱ्याच्या पाळीत करायची झटपट कृती फेरीत एकच असते, त्यामुळे खेळाडूला निवड करावी लागते: आता शेजाऱ्याला वाचवू की पळणाऱ्या शत्रूवर ऑपर्च्युनिटी अटॅकसाठी राखून ठेवू? दुसरी, वापराची मर्यादा. तिसरी, जागा: 'पाच फुटांच्या आत', 'हातात ढाल असेल तरच', 'या फेरीत हललो नसेन तरच'. मला तिसरी सगळ्यात सुंदर वाटते, कारण ती नकाशाकडे बघायला लावते.

प्रोटेक्शन स्टाइलमध्ये पहिली आणि तिसरी एकत्र दिसतात. पाच फुटांतल्या सोबत्यावर हल्ला झाला की ढालवाला रिअ‍ॅक्शन खर्चून तो डिसअ‍ॅडव्हांटेजचा करतो. ओगर विझार्डला ६० टक्के वेळा लागत होता, तो ३६ वर येतो. डिफेन्स स्टाइलच्या कायमच्या +१ पेक्षा टेबलावर याचा आवाज मोठा होतो, कारण कोणीतरी ओरडून म्हणतं, "थांब, मी ढाल घालतो!"

सापळा: 'शॉर्ट रेस्टमागे एकदा' हे शब्द. २०१४ च्या डीएम मार्गदर्शिकेत दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया आणि मधे साधारण दोन शॉर्ट रेस्ट धरले आहेत. आमच्या टेबलावर रविवारी दुपारी चहा-पोहे धरून एकच लढाई होते, फार तर दोन. तिथे 'शॉर्ट रेस्टमागे एकदा' म्हणजे 'प्रत्येक लढाईत'. तुमच्या टेबलाची खरी लय मोजा, मग मर्यादा ठरवा.

६. शत्रूला याच्याकडे वळवा

ही पायरी बहुतेक सगळे गाळतात. कोणताही शहाणा शत्रू भिंतीवर डोकं आपटत नाही, वळसा घालून जातो. बचाव जितका भक्कम, तितकं याला सोडून दुसऱ्याकडे जाणं शहाणपणाचं. म्हणजे निव्वळ स्वतःपुरता बचाव वाढवला की लढवय्या हळूहळू लढाईतूनच बाहेर पडतो.

१६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभूंनी काय केलं, ते आठवा. ते जखमांनी चाळण झाले आणि शेवटी पडलेही. पण महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत पाठलाग करणाऱ्या फौजेला त्यांनी पुढे जाऊ दिलं नाही. मावसभावाने मागितलं होतं ते हेच, आणि मी त्याला दिला होता फटका न लागणारा माणूस.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने या प्रश्नाला थेट हात घातला होता. तिथला फायटर शत्रूवर मार्क ठेवायचा. त्या शत्रूने फायटरला सोडून दुसऱ्यावर हल्ला केला तर त्याला -२, आणि फायटर शेजारी असेल तर वर एक फटका. पाचव्या आवृत्तीत हे विखुरलेलं आहे: कॅव्हलियर हा उपप्रकार, सेंटिनेल ही फीट (निवडून घ्यायची खास क्षमता). सेंटिनेलवाल्याचा ऑपर्च्युनिटी अटॅक लागला की शत्रूची चाल त्या पाळीपुरती शून्य होते.

मी 'भिंत' काढून टाकली आणि तिच्या जागी 'पाय रोवणे' आणलं. बोनस अ‍ॅक्शन खर्चून ढालकरी पाय रोवतो. त्याच्या पुढच्या पाळीपर्यंत त्याची स्वतःची चाल शून्य. त्याच्या पाच फुटांतली जमीन शत्रूंसाठी अवघड, म्हणजे एका फुटाला दोन फुटांची चाल लागते. तिथल्या शत्रूने ढालकऱ्याला सोडून दुसऱ्यावर हल्ला केला तर तो डिसअ‍ॅडव्हांटेजने. एसीत वाढ काहीच नाही. एकूण एसी २१, प्लेटवाल्या फायटरइतकाच.

एक खबरदारी घ्या. 'शत्रूने याच्यावरच हल्ला केला पाहिजे' अशी सक्ती लिहू नका. ती लिहिली की राक्षस तुमच्या हातातून जातो. दुसरा मार्ग महाग करा, पण मोकळा ठेवा.

७. एक खिडकी उघडी ठेवा

स्वतःच्या बचावाचे पाचही रकाने भरलेला लढवय्या बेतू नका. एक कच्चा ठेवा आणि तो खेळाडूला माहीत असू द्या. माझ्या मते तो विस्डमचा सेव्ह असावा.

कल्ट फॅनॅटिक हा जेमतेम चॅलेंज रेटिंग २ चा शत्रू. त्याच्या होल्ड पर्सन या जखडणाऱ्या मंत्राची डीसी, म्हणजे सेव्हला गाठायचा आकडा, ११. विस्डमचा बोनस शून्य असलेला लढवय्या निम्म्या वेळा अडकतो. तो जखडला की त्याच्यावरचे हल्ले अ‍ॅडव्हांटेजने होतात आणि पाच फुटांतून लागलेला प्रत्येक फटका क्रिटिकल. तेव्हा बाकीच्या पार्टीला त्याच्यासाठी धावावं लागतं, आणि ज्याने सगळ्यांना वाचवायचं त्यालाच वाचवण्याचा प्रसंग टेबलाला हवा असतो. विस्डमचा सेव्ह दिलात तर ती पाळीच कुणाला मिळणार नाही. शिवाय सहाव्या लेव्हलपासून सोबत्यांचे सेव्ह बळकट करणं हे पॅलाडिनचं काम आहे, ते त्याच्या हातातून काढून घेऊ नका.

पण दर रविवारी तीच खिडकी फोडू नका. तीन-चार लढायांत एकदा पुरे.

८. कोरड्या लढाया खेळा

खऱ्या टेबलावर आणण्याआधी मित्राला घेऊन तीन लढाया खेळा, आणि प्रत्येक लढाई दोनदा: एकदा साध्या फायटरने, एकदा तुमच्या क्लासने. पहिली आठ गॉब्लिनशी, दुसरी दोन ओगरशी, तिसरी कल्ट फॅनॅटिक आणि चार गॉब्लिनशी. सोबत एसी १५ आणि २७ हिट पॉइंटचा विझार्ड हवाच, त्याच्याशिवाय चाचणीला अर्थ नाही.

प्रत्येक फेरीनंतर दोनच आकडे लिहा: लढवय्याचे किती गेले, विझार्डचे किती गेले. तुमच्या क्लासमुळे दुसरा आकडा घटला आणि पहिला साधारण फायटरइतकाच राहिला किंवा थोडा वाढला, तर काम जमलंय. पहिला शून्याजवळ आणि दुसरा तसाच, असं दिसलं तर तिसऱ्या पायरीवर परत जा.

फाशांचं नशीब फसवतं, त्यामुळे एका लढाईवरून निकाल देऊ नका. माझ्या पहिल्या कोरड्या लढाईत ओगरला लागोपाठ दोनदा २० पडले होते, आणि मी उगाच क्षमता वाढवायला निघाले होते.

९. बदल करायचा तर आधी बोला

क्लास चालू खेळात असेल तर शीटवर गुपचूप खाडाखोड करू नका. खेळाडूला आधी फोन करा, आकडे दाखवा, आणि काढून घेताय त्याच्या बदल्यात काय देताय ते त्याच दमात सांगा. मी मावसभावाला तिसऱ्या पायरीतली यादी पाठवली होती. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे ताई, मला आता मार बसणार?" मी म्हटलं, "हो. पण तुला ओलांडून कोणी जाणार नाही."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच दोन ओगर आणले, +६ चेच, एका अरुंद बोळात. त्याने पहिल्याच पाळीत पाय रोवले. सहाव्या फेरीअखेर त्याच्या ४४ पैकी ६ हिट पॉइंट उरले होते, खोडरबराने शीटवरची ती चौकट विरविरीत झाली होती, आणि पलीकडे विझार्डचे २७ च्या २७ शाबूत होते.